क्रोना पडल्यावर

रेडिओ स्टुडिओत ओद्नीने हेडफोन कानांवर चढवले आणि समोरच्या केटिलकडे पाहून हसली. या घडीची ती दोन वर्षं वाट पाहत होती.

तेव्हा मंत्र्यांचा हा सल्लागार टीव्हीवर म्हणाला होता, की आइसलँडचा शेतकरी जगात सगळ्यांत लाडावलेला आहे. पडद्यावर चरत होता तिच्या भावाचा, हाल्मुंडुरचा कळप. त्यानंतर गावच्या गरम पाण्याच्या कुंडात हाल्मुंडुर उतरला, की कुणीतरी म्हणायचंच, "सरका रे, सरकारचे जावई आले!" शरद ऋतू संपायच्या आत त्याने सगळ्या मेंढ्या विकल्या. आता तो मासळीच्या कारखान्यात जातो.

मग बँका बुडाल्या. देशाचं चलन, क्रोना, निम्म्यावर आला.

"आमच्या धोरणामुळे शेतीवरची सरकारी मदत चांगलीच घटली आहे," केटिल माइकमध्ये सांगत होता.

शेतकरी संघाची अर्थतज्ज्ञ म्हणून ओद्नीला बोलावलं होतं. तिने आवाज मुद्दाम मऊ ठेवला.

"अनुदान किती कापलंत?"

"तसं थेट नाही..."

"मग आकडा उतरला कसा? आपलं मटण परदेशातल्यापेक्षा जितकं महाग, तितकी मदत असं तुम्ही धरता. क्रोना वधारलेला होता, तेव्हा बाहेरचं मटण इथल्या पैशांत स्वस्त दिसायचं, मदत फुगली. क्रोना पडला, बाहेरचं महागलं; मदत आटली. मेंढ्यांना बिचाऱ्यांना पत्ताही नाही."

निवेदक खुदकन हसला. केटिलने पाण्याचा पेला उचलला.

"पाणी नंतर प्या. तुम्ही शेतकऱ्याला लाडावलेला म्हणालात, तेव्हाचा फुगवटाही बराचसा चलनाचाच होता ना?"

"बराचसा... हो."

"जरा मोठ्याने. गावाकडे रेडिओ खरखरतो."

"हो!"

स्टुडिओतून ती थेट भावाकडे गेली. रस्ताभर तो "हो" तिच्या तोंडात गोळीसारखा घोळत होता.

हाल्मुंडुर स्वयंपाकघरात बसला होता. रेडिओ चालूच होता.

"ऐकलंस?" तिने दारातूनच विचारलं.

"ऐकलं. चांगला सोललास त्याला."

"तुझ्यासाठी."

त्याने रेडिओ बंद केला. बराच वेळ बटणावरचं बोट काढलं नाही.

"मला वाटायचं, माणूस शिकलेला आहे, बोलतो त्यात तथ्य असेल. आपण खरंच लोकांच्या जिवावर जगत असू." तो खिडकीबाहेर पाहू लागला. "मग मी मेंढ्या विकल्या कशासाठी गं, ओद्नी?"

कोटाची अर्धी काढलेली बाही तिच्या हातावर तशीच लोंबत राहिली.