घागर, किटली आणि मी

आमच्या दुकानात बायका येत नसत, भांडी येत. म्हणजे दारातून आत यायच्या त्या बायकाच, पँट शिवून घ्यायला. पण पडद्यापलीकडे त्यांची खबर पोचेपर्यंत त्यांचं भांडं झालेलं असायचं.

दुकान दोन जावांचं. थोरली माझी काकू, धाकटी माझी आई. एकीला बोलल्याशिवाय करमत नाही आणि दुसरीला बोलायचाच कंटाळा, म्हणून कामाची वाटणी आपोआपच झाली. पुढच्या खोलीत काकू माप घेणार, मधे जाड निळा पडदा, आणि मागच्या खोलीत लांब टेबलाशी आई कापड कापणार. आईच्या शेजारी इस्त्रीवाले मामा, ते आमचे कुणी मामा नव्हेत, पण इतकी वर्षं आमच्याकडे इस्त्री करतायत की आता त्यांना दुसरं काही म्हणता येत नाही.

आईला नुसते आकडे पुरत नसत. दोन बायकांचा कमरेचा आकडा अगदी सारखा असला तरी एकीला जी पँट शोभते तीच दुसरीच्या अंगावर कुणाकडून तरी मागून आणल्यासारखी दिसते, असं तिचं म्हणणं. म्हणून काकूनं टेप गुंडाळला की आई आतून विचारायची, "कोण आहे गं?" आणि काकू बाहेरून एकच शब्द फेकायची. "किटली!"

किटली म्हणजे जिचं पोट पुढे आहे ती. आई लगेच कामाला लागायची. समोर चुणी एकही नाही, पट्टा रुंद आणि सपाट, चेन बाजूला, मागच्या बाजूला लपवलेलं थोडं इलॅस्टिक. एकदा ती आरोळी ऐकून एका बाईंनी "नको हो, मी आत्ताच चहा घेऊन निघालेय," असं सांगितलं, तेव्हा मामांना हसू लपवायला इस्त्रीवर पाण्याचे शिंतोडे मारावे लागले होते.

सरळसोट अंगाची बाई आली की ती लाटणं. तिला उंच कंबर, समोर भरपूर चुण्या आणि वर बांधायला बेल्ट, म्हणजे कंबर नसली तरी आहे असा समज व्हावा. खांदे रुंद आणि खाली निमुळती असेल तर पेला, आणि तिची कंबर आई मुद्दाम जरा खाली उतरवायची. बरणीची मात्र गंमत होती. छाती आणि कमरेमधे अंतरच कमी असलेली बाई हटकून उंच कमरेची पँट मागायची, कारण कुणा मैत्रिणीला ती छान दिसलेली असायची. मग काकू तिच्या कमरेला नाडी बांधून म्हणायची, "जरा वाका, बसा, एक चक्कर मारून या." नाडी जिथे स्थिर व्हायची ती खरी कंबर. "बघा, तुमची कंबर इथे आहे. मैत्रिणीची तुम्हाला कशी लावू?" असं काकू इतक्या गोड आवाजात सांगायची की बाई खूश होऊन जायची. गिऱ्हाइकाच्या तोंडावर काकूनं कधी कुणाला जाड म्हटलं नाही. भांड्यांची भाषा काढलीच त्यासाठी होती, आणि ती चांगल्या मनानंच काढलेली होती, हे मी आजही मान्य करते.

अडचण एवढीच की ती भाषा मलाही येत होती.

मी तेरा वर्षांची असताना शाळेच्या गणवेशाच्या पँटसाठी काकूनं माझं माप घेतलं. आईनं सवयीप्रमाणे विचारलं, "कोण आहे गं?" नितंब जड आणि कंबर बारीक, म्हणजे खरं तर घागर. पण काकू त्या दिवशी मजेत होती. ती म्हणाली, "घागर कसली, हंडा आहे हंडा!" आत मामा खो खो हसले. आई हसली की नाही ते मला पडद्यामुळे कळलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर मी त्या दुकानातून ये-जा करणं सोडलं. आमचं घर दुकानाच्या मागेच, त्यामुळे मागच्या बोळातलं दार माझं झालं. शाळेबाहेर अंगावर कायम गुडघ्यापर्यंतचे सैल कपडे. घरातल्यांना वाटलं, पोरगी वयात आली, लाजते. पँट शिवणाऱ्यांच्या घरातली मुलगी पँट घालत नाही याचं कुणालाच काही वाटलं नाही. आपल्याच नाकासमोरचं ते कुणाला दिसतं!

आणि मग मला नोकरी लागली. बंदराजवळच्या एका हॉटेलात, येणाऱ्या पाहुण्यांचं स्वागत करायची. मला तीच नोकरी हवी होती. अनोळखी माणसं दमून भागून आत येतात, आणि त्यांना पहिला दिसणारा चेहरा आपला, हे मला भारी आवडलं होतं. मुलाखतीत मी छान बोलले. शेवटी तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "सोमवारपासून या. शर्ट आम्ही देऊ. पँट तुमची, काळी. आणि शर्ट आत खोचलेला हवा, त्यात सूट नाही."

शर्ट आत खोचायचा. म्हणजे मी जे इतकी वर्षं झाकलं ते काउंटरमागून उठून चार लोकांसमोर चालणार. मी घरी येताना ठरवूनच टाकलं, आईला आणि काकूला नोकरीचं सांगायचं, पँटचं नाही. बाजारातून तयार पँट आणायची.

आणली. तिसऱ्या दुकानातली एक खाली नीट बसली, पण कमरेला मागे एवढी फाकली की आत मूठ जावी. बेल्टनं आवळली तर मागे कापडाच्या सुरकुत्यांचा गठ्ठा जमला. कमरेच्या मापाची घेतली तर ती मांड्यांवरच अडली. शेवटी फाकणारीच घेऊन आले आणि घरच्या आरशासमोर शर्ट खोचून उभी राहिले. मला रडू आलं. पँट वाईट होती म्हणून नव्हे. काकू म्हणाली होती तेच आरशात दिसत होतं म्हणून.

तेवढ्यात आई कात्रीला तेल लावायला आत आली. तिनं मागून बघितलं आणि त्या फाकलेल्या जागेत दोन बोटं घातली. मग म्हणाली, "ही कुणी शिवली?"

"बाजारातली आहे."

"आपल्या घरात? बाजारातली?" आईच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. त्या नवलानंच माझं डोकं फिरलं.

"हो, बाजारातली. आणि मी ती नोकरीही करणार नाहीये. उद्या फोन करून सांगते त्यांना."

काकू दुकानातून कधी आत आली मला कळलं नाही. "का गं? चांगली नोकरी आहे. बोलायला तर तू माझ्यावर गेलीस."

"कारण मी हंडा आहे," मी म्हणाले. "तूच ओरडून सांगितलंस. मामासुद्धा हसले."

काकूला आठवेना. हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ती दिवसभरात इतक्या जणींना भांडी करायची की त्यातलं एक मी होते हे तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं. आधी तिनं नेहमीसारखं हसून न्यायचा प्रयत्न केला. "अगं, मग मी कोण? मी तर रांजण आहे रांजण!" पण कुणी हसलं नाही. दुकानात मामांची इस्त्रीही थांबली होती. मग काकूनं पदराला टोचलेल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या आणि नुसती उभी राहिली. काकू गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली, आणि मला तिची दया येण्याऐवजी थोडं बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी काकूनं मला हाक मारली. "ये. माप घेते."

"नको."

"फोन केलास का त्यांना?"

"नाही अजून."

"मग ये. नाही आवडली तर नको घालूस."

मी गेले. का गेले ते सांगते. नोकरी मला हवीच होती आणि सोमवार दोन दिवसांवर आला होता. पुढच्या खोलीत मोठ्या आरशाकडे पाठ करून मी उभी राहिले. काकूनं कमरेला नाडी बांधली, म्हणाली, "चक्कर मार." मी दारापर्यंत जाऊन आले. "बस. ऊठ." नाडी वर सरकली, बेंबीच्याही जरा वर, आणि तिथेच थांबली. काकूनं टेप गुंडाळला. तिचे हात गार होते. मी डोळे मिटून घेतले, कारण आता काय येणार ते मला माहीत होतं.

आणि ते आलंच. सवय ती सवय. पडद्यामागून आईनं विचारलं, "कोण आहे गं?"

काकूचा हात थांबला. टेप तसाच माझ्या कमरेभोवती. आई पुन्हा म्हणाली, "ताई? कोण आहे?"

"आपली पोर आहे," काकू म्हणाली. "तू बाहेर ये. हिला एका शब्दात मला सांगता येत नाही."

आईला बाहेर येऊन माप घ्यायची सवयच राहिली नव्हती. पडद्याच्या कडेला हात धरून ती क्षणभर घुटमळली. मग माझ्याभोवती एकदा फिरली, जशी मी लहानपणी तिच्या टेबलाभोवती फिरायचे. तिनं काकूच्या हातातून टेप घेतला आणि पाठीच्या कण्यावरून, कमरेवरून, बाजूंवरून हळूहळू फिरवला. तेरा वर्षांची असल्यापासून तिचा हात माझ्या कमरेला लागला नव्हता. मला पुन्हा रडू आलं, पण या वेळी मी ते लपवलं नाही.

"बाजारातल्या पँटचा पट्टा सरळ असतो," आई म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे, बहुधा टेपला. "हिची पाठ आत वळते. सरळ पट्टी वळणार कशी? ती फाकणारच. चूक पोरीची नाही, पट्टीची आहे." मग माझ्याकडे बघून, "त्या दिवशी मी हसले नव्हते. कळलं? पण बाहेरही आले नाही."

मी मान हलवली. मला तेवढं पुरलं, आणि तेवढंच तिला जमलंही.

त्या दिवशी तिनं दुसऱ्या कुणाचं काहीच कापलं नाही. कंबर नाडी थांबली तिथपर्यंत उंच नेली. पट्टा एकसंध पट्टीचा न ठेवता वळणदार तुकड्यांत कापला, पाठीच्या मधोमध जोड दिला, मागे कापड आत घेणारे दोन लांब टक घातले. समोर सपाट, चुण्या नाहीत, बाजूचे खिसे तोंड न वासणारे, आणि खाली पाय नितंबांपासून सरळ सोडलेला, कुठे आवळलेला नाही. शिलाई काकूनं केली. मामांनी इस्त्री करताना एक घडी दोनदा मोडून पुन्हा घातली आणि पँट माझ्या हातात देताना म्हणाले, "मी हसलो होतो. मला आठवतंय." एवढंच बोलून ते पाणी भरायला निघून गेले.

सोमवारी सकाळी मी शर्ट आत खोचला. मागे हात लावून बघितलं. पट्टा अंगाला लागून होता, बोटसुद्धा जात नव्हतं. नितंब जेवढे होते तेवढेच होते, जादूटोणा काही झाला नव्हता. पण आरशात मला मी दिसत होते, उभी, सरळ, कुठेतरी निघालेली. सवयीनं पाय मागच्या बोळाकडे वळले. मग मी थांबले आणि पडदा सारून दुकानात आले.

काकू एका बाईंचं माप घेत होती. धिप्पाड बाई, पोट चांगलंच पुढे. मला बघून त्या काकूला म्हणाल्या, "अय्या, अश्शीच पँट मला पाहिजे!"

"अशी नाही मिळणार," काकू म्हणाली. "ती तिची आहे. तुमची तुम्हाला देते ना."

आतून आईचा आवाज आला, "कोण आहे गं?"

काकूचं तोंड उघडलं. किटली अगदी ओठांवर आलेली मला दिसली. तिनं माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि त्या बाईंना विचारलं, "तुम्ही काम काय करता हो?"

"बस चालवते."

"बस चालवतात गं!" काकू पडद्याकडे तोंड करून ओरडली. "दिवसभर बसून!"

आत कात्री थांबली. "मग उभं काय केलंस त्यांना?" आई म्हणाली. "खुर्ची दे. बसवून माप घे."

काकू खुर्ची ओढायला लागली. मी त्या दोघींच्या मधून वाट काढली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.