पायांसकट

गिरिजाला नाही म्हणायला मनापासून आवडायचं. दुबईतल्या त्या छोट्या प्रॉडक्शन हाउसमध्ये अकरा वर्षं एडिटिंग करताना तिने भल्याभल्यांना नाही म्हटलं होतं. तरी नोकरी टिकली, कारण तिचं नाही बहुतेक वेळा बरोबर निघायचं. या वेळी मात्र नुसतं बरोबर असून भागणार नव्हतं.

रास अल खैमाच्या खाडीवर लाकडी गलबतं बांधणाऱ्यांवर त्यांनी केलेली डॉक्युमेंटरी एका परदेशी चॅनलने घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. चित्र नव्या पसरट टीव्हीच्या मापाचं हवं, सिक्स्टीन-नाइन, आणि पडदा कडेपासून कडेपर्यंत भरलेला हवा. २००२ साल होतं, नवं शूटिंग त्याच मापात झालं होतं. घोडं अडलं होतं ते वलीचाचांपाशी.

वलीचाचा मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. चाळीस वर्षं त्यांनी इथे गलबतांचं सुतारकाम केलं. १९९३ मध्ये गिरिजा स्वतः कॅमेरामनबरोबर जाऊन त्यांचं काम टिपून आली होती, तेव्हाच्या चौकोनी मापात, फोर-थ्रीत. चाचा उकिडवे बसलेत, फळी दोन्ही पायांच्या अंगठ्यांत घट्ट धरलीय, आणि लाकूड तासायचा हातातला वाकस अंगठ्यापासून बोटभर अंतरावर सपासप पडतोय. धारेच्या त्या हत्याराकडे चाचा ढुंकूनही बघत नाहीत. ते कॅमेऱ्याकडे बघून गप्पा मारतायत, हसतायत. नऊ वर्षं झाली तरी तो शॉट बघताना गिरिजा नकळत पाय मागे घ्यायची.

आता चौकोनी चित्र पसरट पडद्यावर भरायचं, तर ते मोठं करून वरून-खालून कापावं लागतं. म्हणजे चाचांचं डोकं तरी जाणार, नाहीतर पाय.

"पाय काप," चारुदत्त म्हणाला. हा तिचा बॉस, पार्ल्याचा. माणूस वाईट नव्हता, पण क्लायंटचा फोन आला की त्याचा कणा मऊ व्हायचा. "लोक चेहरा बघतात, गिरिजा. पाय कोण बघतो? आणि इथे तर कुणाला तळवे दाखवणं इन्सल्ट समजतात."

"पाय गेले तर उरतं काय? एक दाढीवाला मान हलवतोय, एवढंच."

"मग परत शूट करू. यल्ला, चला, एका दिवसाचं काम आहे."

गिरिजाने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "त्यांचा उजवा पाय नाहीये आता. शुगरने गेला. दोन वर्षं झाली."

चारुदत्तने पडद्यावरच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, मग खालून वर सरकव चित्र. आधी पाय, मग चेहरा."

"म्हणजे लोक म्हणतील, पाय दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. एका वेळी दिसलं पाहिजे, चारुदत्त. तेवढा एक शॉट आहे तसा राहू दे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, तर येऊ देत."

"चॅनल टेप परत पाठवेल!"

"उंटावरून शेळ्या हाकतात ते. वलीचाचांना त्यांनी बघितलंय का?"

"टेपबरोबरच्या टेक्निकल फॉर्मवर एडिटरची सही असते," तो शांतपणे म्हणाला. "टेप रिजेक्ट झाली आणि वर तक्रार गेली, तर तुझ्या व्हिसाचं मी काही करू शकणार नाही."

हे ऐकून गिरिजा घाबरली. शारजाचं घर, लेकीची, ईशानीची, दहावी, सगळं त्या एका शिक्क्यावर उभं होतं. घाबरली, आणि घाबरवल्याचा तिला जास्त राग आला.

बुधवारी चारुदत्तने स्वतः मशीनवर बसून मधला मार्ग काढला. पुरतं कापायचं नाही, थोडंच कापायचं. बाजूला राहतील त्या बारीक पट्ट्या चॅनलवाले चालवून घेतात. चाचांचा चेहरा आला, हात आले, घोटेही आले. "बघ," तो खुशीत म्हणाला, "फक्त बोटं गेली."

"डॉक्टरांनीही आधी बोटंच घेतली होती," गिरिजा म्हणाली.

त्यावर तो चिडलाच. "आपण चाचांनाच विचारू. त्यांना स्वतःचा चेहरा टीव्हीवर दिसला की विषय खलास."

गुरुवारी दुपारी दोघं रास अल खैमाला गेले. गिरिजाच्या पर्समध्ये टेपवरून काढलेल्या दोन कॅसेट होत्या, एक त्याची, एक तिची. चाचा मुलाकडे राहायचे. हा मुलगा, राहिल, सिरॅमिकच्या फॅक्टरीत कामाला होता. कोपऱ्यात जुना चौकोनी टीव्ही होता, आणि खुर्चीला टेकवलेली कुबडी.

पहिली कॅसेट चारुदत्तची लागली. त्या चौकोनी पडद्यावर वर-खाली काळं, मधे पसरट चित्र. आपली काळीभोर दाढी बघून चाचा हसले. चारुदत्तने गिरिजाकडे बघून भुवया उडवल्या. मग चाचा पुढे झुकले. अजून झुकले. त्यांनी कुबडी उचलली आणि तिच्या टोकाने पडद्यावरच्या खालच्या काळ्या पट्टीवर हळूच टकटक केलं.

"बाई, ह्याच्याखाली हायत काय?"

"काय, चाचा?"

"माझी बोटं."

चारुदत्त गालिच्याकडे बघू लागला. गिरिजाने कॅसेट बदलली. तिची कॅसेट त्या जुन्या टीव्हीवर आणखीच विचित्र दिसत होती, चारही बाजूंनी काळं आणि मधोमध पोस्टकार्डाएवढं चित्र. पण त्यात माणूस पुरा होता, डोक्यापासून अंगठ्यापर्यंत. वाकस पडत होता. या खेपेला चाचा स्वतःच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. इकडे खुर्चीखाली त्यांच्या डाव्या पायाची बोटं गालिच्याची कड घट्ट धरत होती, सोडत होती, पुन्हा धरत होती, वाकसाच्या प्रत्येक घावाला.

परत निघताना चारुदत्त गाडीत बसला, पण किल्ली फिरवेना.

"तुझीच पाठवू," तो शेवटी म्हणाला. "शनिवारी. मी बोलतो चॅनलशी."

"सकाळीच पाठवली मी. कुरिअरने. फॉर्मवर सही केलीय."

त्याने किल्लीवरचा हात काढला. "मला न विचारता? आणि परत आली तर?"

गिरिजाने सीटबेल्ट लावला.

"परत पाठवीन."