हळदीच्या मांडवातली चुडैल

चोपड्याजवळच्या त्या गावात हळदीचा डीजे अचानक बंद पडला आणि अख्खा मांडव ओसरीकडे धावला. नवरदेवाचा धाकटा भाऊ प्रेमराज नाचता नाचता कोसळला होता. मी शिकवते त्याच वर्गातला, दहावीचा. अंगभर हळद, डोळे पांढरे, उताणा पडलेला.

"तुना पोरले चुडैल लागनी शे," उखर्डू भगतानं त्याच्या आईला, कोकिळाबाईंना सांगितलं. तांब्यातलं मंतरलेलं पाणी परातीत ओतून त्यानं पोराचे हात त्यात बुडवले. पाणी लालभडक झालं.

"देखा, चुडैलनं रगत. आते दिवस मावळेपर्यंत कोनी तेले हलवू नका."

बायांनी हात जोडले. चुडैल मोठी गुणाची, हात धुतले की बाहेर येते.

मला मात्र दारूचा भपकारा आला. पोराचे ओठ निळसर, अंग गार, श्वास अडखळत चाललेला. माझं डोकंच फिरलं. मी त्याला कुशीवर वळवलं, तशी तोंडातून उलटी बाहेर आली.

"उताणा राहिला असता तर हीच छातीत जाऊन गेला असता पोरगा. गाडी काढा."

"बाई, देवाधर्मात पडू नका," पोराचा नवलमामा आडवा आला; त्याच्याही तोंडाला तोच भपकारा होता. कोकिळाबाईंनी पोराचा पाय घट्ट धरला होता. त्या भगताकडे बघत होत्या. समजावत बसायला वेळ कुठे होता?

"कोकिळाबाई, नवरदेवाला ओवाळायचं लाल पाणी कशाचं करता?"

"हळद नि चुनानं," त्या सवयीनं बोलल्या आणि परातीकडे बघतच राहिल्या. हळद पोराच्या अंगावरची, चुना तांब्यातला. जे पाणी त्या दर लग्नात स्वतः कालवतात, तेच भगताच्या परातीत त्यांना रक्त वाटलं होतं.

त्यांनी पाय सोडला. "नवल, गाडी काढ."

गाडीत मी मामाला विचारलं, "किती पाजली?"

"मोठा व्हयना म्हनीसन पाजी, बाई. पैज लायी व्हती."

पोरगा वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर श्वासच थांबला असता. कोवळ्या शरीराला तेवढी दारू म्हणजे विषच.

चुडैल म्हटलं की मामाला कोणी काही विचारत नाही, म्हणून ती सगळ्यांना हवी असते. पोर असं पडलं तर कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, दवाखाना गाठा. आणि ग्लास त्याच्या हातात कोणी दिला, हे भरल्या मांडवात विचारा.