डाव्या हाताची गाडी

पारोळ्याच्या बाजारपेठेत हिलालभाऊंचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. इंजिनचा आवाज ऐकून ते त्याचं दुखणं सांगत, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे. जेव्हा निघत नसे, तेव्हा ते म्हणत, "इंजिनच खोटं बोलत होतं."

त्यांची बायको द्रौपदाबाई. तिचा धाकटा भाऊ झुलाल धुळ्याला कापसाचा व्यापार करायचा. एक्क्याण्णव साली त्याने पांढरी कोरी मारुती घेतली. आधी वर्षातून दोनदा येणारा झुलाल आता बहिणीला भेटायच्या निमित्ताने सारखा पारोळ्याला यायला लागला. गाडी तो अगदी दुकानाच्या फळीला लावून उभी करी, खिशातल्या रुमालाने बॉनेट पुसे आणि विचारी, "हिलालभाऊ, तुम्ही अजून फटफटीवरच का?"

हिलालभाऊ हसून चहा सांगत. पण रात्री ताटावर बसले की भाकरी मोडता मोडता थांबत. द्रौपदाबाईला कारण ठाऊक होतं. ती काही बोलत नसे. तसं त्या दोघांमध्ये बोलणं फार नव्हतंच. मीठ, दळण, सोयरीक, मयत, एवढ्यापुरतं ते पुरत असे.

पुढच्या उन्हाळ्यात झुलालच्या मुलीचं, कमलचं, लग्न ठरलं. पत्रिका द्यायला झुलाल मारुतीतूनच आला. जाताना म्हणाला, "लग्नाला एसटीने येऊ नका. मी गाडी पाठवतो."

दुसऱ्याच दिवशी हिलालभाऊ मित्राला, पंडितला, घेऊन जळगावला गेले.

अजिंठा रोडला तोतारामचं गॅरेज होतं. मागच्या बाजूला निंबाखाली एक प्रचंड हिरवी गाडी उभी होती. जीपसारखी उंच, पण जीपच्या दीडपट, आणि आत पाहिलं तर दिवाणखाना. चामड्याच्या सीटा, लाकडी पट्ट्या, बटन दाबलं की खाली जाणाऱ्या काचा, छतालाही एक काचेची खिडकी. कुठल्याशा धरणाच्या कामावर आलेल्या परदेशी साहेबांनी ती आणली होती. काम संपल्यावर साहेब विमानाने गेले आणि गाडी मागे राहिली. नंतर ती दोन-तीन हातांतून फिरत तोतारामकडे आली होती.

"किंमत काय?" हिलालभाऊंनी विचारलं.

तोतारामने सांगितली. ती ऐकून पंडितने हिलालभाऊंची बाही ओढली आणि कानात म्हणाला, "इतक्यात तर चांगली बैलजोडी येत नाही. काहीतरी गोम शे."

"गोम एकच आहे," तोतारामला ते ऐकू गेलं होतं. "स्टेअरिंग डावीकडे आहे. बाकी राजा आहे राजा. एसी लावून बघा."

हिलालभाऊ आत बसले. बाहेर जळगावचं चैत्राचं ऊन रस्त्यावरचं डांबर मऊ करत होतं आणि आत एका मिनिटात त्यांच्या अंगावर काटा आला. घाम सुकला. डोकं हलकं झालं. इंजिनमधून एक बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. एरवी तो ऐकून त्यांनी चार प्रश्न विचारले असते. पण त्या गारव्यात त्यांना एवढंच सुचलं, की झुलालच्या मारुतीत एसी नाही.

गाडी घेऊन ते निघाले आणि पाळधीच्या पुढे त्यांना डाव्या स्टेअरिंगचा अर्थ कळला. पुढे उसाची ट्रॉली चालली होती. तिला मागे टाकायचं तर गाडी उजवीकडे काढायची, आणि समोरून काय येतंय ते डावीकडे बसलेल्या माणसाला दिसतच नाही. दिसतं ते उजवीकडे बसलेल्या पंडितला.

"पंडित, बघ रे, मोकळं आहे का?"

"हो... जा... नको! जा! नको नको, ट्रक ऊना!"

हिलालभाऊंनी गाडी परत आत घेतली. ट्रक इतक्या जवळून गेला, की पंडितला ड्रायव्हरच्या ओठातली विडी दिसली. त्यानंतर त्याने डोळे मिटून घेतले आणि एरंडोलपर्यंत उघडले नाहीत. पारोळ्याला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. एक बैलगाडीसुद्धा त्यांनी मागे टाकली नव्हती. पंडित उतरला, गाडीला लांबून नमस्कार केला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या मयतीले खांदा देसू, पण या सीटवर बसनार नही."

दारात द्रौपदाबाई उभी होती.

"हाई काय आनं?"

"गाडी शे."

"ते दिसी ऱ्हायनं. पण येनं स्टेरिंग तिकडे कसाले?"

हिलालभाऊ हातपाय धुवायला मोरीकडे गेले.

पण पंडित नाही म्हणाला, दुकानातला नोकर नाही म्हणाला, आणि एकट्याने गाडी चालवायची तर जन्मभर उसाच्या ट्रॉलीमागून जावं लागणार होतं. शेवटी एका सकाळी हिलालभाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाले, "जरा अमळनेरपर्यंत येतेस का?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. द्रौपदाबाईने चुलीवरचं दूध उतरवलं, नवं लुगडं नेसली आणि उजव्या सीटवर जाऊन बसली.

पहिल्या ट्रॅक्टरमागे ती गप्प राहिली. हिलालभाऊंनी दोनदा विचारलं तरी गप्प. मग एकदम म्हणाली, "बठ्ठा रस्ता मोकळा शे. काढा."

त्यांनी गाडी काढली. रस्ता खरंच मोकळा होता.

ती कधी "जा" आणि "नको" एका दमात म्हणत नसे. समोरची गाडी लांब असली तरी तिचा वेग पाहून "थांबा" म्हणे, आणि एवढीशी फट दिसली तरी खात्री असली तर "काढा." हिलालभाऊंना आयुष्यात कुणाचं ऐकून चालायची सवय नव्हती. पण इथे न ऐकून भागणारच नव्हतं. आणि एकदा बोलणं सुरू झालं की ते नुसतं ट्रकवर थांबत नाही. "थांबा, एसटी ई ऱ्हायनी" असं म्हणता म्हणता ती म्हणे, "हे शेत गुलाब पाटलाचं ना? त्याची सून माहेरी का गेली, ठाऊक आहे?" हिलालभाऊंना ठाऊक नसे. गावातलं निम्मं जग त्यांना ठाऊक नव्हतं, असं त्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं.

लोकांना मात्र वेगळंच दिसत होतं. रस्त्यावरच्या माणसाची नजर सवयीने गाडीच्या उजव्या काचेकडे जाते. तिथे डोक्यावर पदर घेतलेली द्रौपदाबाई हाताची घडी घालून बसलेली. पारोळ्यात बातमी पसरली, की हिलालभाऊंची बायको विलायती गाडी चालवते, आणि तीही हात सोडून.

लग्नाच्या दिवशी धुळ्याच्या वेशीवर हवालदाराने गाडी अडवली. द्रौपदाबाईच्या मांडीवर सूप होतं. लग्नघरी मदत म्हणून ती वाटेतच लसूण सोलत होती.

"बाई, लायसन दाखवा."

"कशाचं?"

"कशाचं म्हणजे? गाडी चालवताय ना?"

"मी लसूण सोलतेय."

हवालदार वाकून आत पाहू लागला. पलीकडे स्टेअरिंग धरून बसलेले हिलालभाऊ त्याला दिसले. त्याने एकदा स्टेअरिंगकडे पाहिलं, एकदा लसणाकडे. एवढी मोठी गाडी आणि इतकी शांत बाई, म्हणजे कुणीतरी बडी मंडळी असणार, असं त्याला वाटलं असावं. त्याने सलाम ठोकला आणि रस्ता मोकळा करून दिला.

हिलालभाऊंची छाती फुगली. मांडवापुढे गाडी उभी राहिली, तेव्हा पोरंटोरं, वाजंत्री, आचारी, सगळे धावले. झुलालची मारुती शेजारी उभी होती. ती त्या हिरव्या गाडीपुढे डब्यासारखी दिसत होती. झुलालने रुमाल खिशातून काढला आणि बॉनेटऐवजी स्वतःचं कपाळ पुसलं.

"हिलालभाऊ, पोरगी सासरी याच गाडीतून जाऊ द्या," तो म्हणाला.

"त्यात विचारायचं काय?" हिलालभाऊ म्हणाले. एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी त्यांनी सगळा उपद्व्याप केला होता.

पण लग्न तिथवर पोचायचं होतं. नवऱ्या मुलाचे मोठे काका, सुकदेव आबा, अमळनेरच्या त्या घराचे कर्ते होते. मानपानात त्यांना दिलेली टोपी लहान निघाली. ती त्यांच्या डोक्यावर वाटीसारखी बसली आणि मुलीकडच्या दोन-तीन पोरी फिसकन हसल्या. आबांनी टोपी काढून झुलालच्या हातात ठेवली.

"आम्ही टोपीसाठी आलेलो नाही. पण द्यायचीच तर माणसाच्या डोक्याची द्या, नारळाची देऊ नका," असं म्हणून ते मांडवाबाहेर उन्हात जाऊन बसले. आबा आत आल्याशिवाय नवरदेव बोहल्यावर चढणार नव्हता.

झुलालने हात जोडले. नवी टोपी मागवली. आबा हलेनात. मे महिन्याच्या धुळ्यात दगडावर पापड भाजला असता, आणि आबा तिथे हट्टाने बसून लाल होत चालले होते.

"अक्का, काहीतरी कर," झुलाल बहिणीला म्हणाला. "इथेच घेरी आली तर वऱ्हाड परत जाईल."

द्रौपदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. "आबाले गाडीमा बसाडा. आणि ते गार लावा."

हिलालभाऊंनी आबांना हाताला धरून नेलं, उजव्या सीटवर बसवलं आणि एसी लावला. आबांनी आधी तोंड फिरवून घेतलं. मग उपरणं सैल केलं. मग पाय लांब केले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच बटन दाबून काच खाली-वर करून पाहिली. कुणीतरी छताच्या खिडकीतून वरण-बट्टीचं ताट आत दिलं. आबा जेवले, ढेकर दिली आणि झोपले.

मुहूर्त जवळ आला. झुलाल काचेवर टकटक करायला लागला. आबांनी एक डोळा उघडला.

"आबा, चला. राग गेला ना?"

"राग केव्हाच गेला."

"मग?"

"मग काय? मी इथूनच अक्षता टाकतो. काच खाली करता येते."

दहा माणसांनी विनवण्या केल्या. आबा प्रेमाने सगळ्यांशी बोलले, पण उतरेनात. भटजी घड्याळ दाखवू लागले. तेव्हा द्रौपदाबाई हिलालभाऊंजवळ आली आणि हळूच म्हणाली, "गाडी बंद करा."

हिलालभाऊ तिथेच थबकले. आठवड्यापासून त्यांना कळत होतं, की तापलेलं इंजिन बंद केलं तर ते लवकर चालू होत नाही. तासभर जातो, कधी दोन. आणि आज ते पहाटेपासून बंद झालेलंच नव्हतं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

"बंद केली तर पोरगी हिच्यातून जायची नाही," ते म्हणाले.

"मले मालूम शे," द्रौपदाबाई म्हणाली. "तो कण्हायचा आवाज मीबी ऐकते. पण बंद नाही केली तर पोरगी कशातूनच जायची नाही."

हिलालभाऊंनी मारुतीकडे पाहिलं, बोहल्यावर एकट्या उभ्या असलेल्या कमलकडे पाहिलं, आणि किल्ली फिरवली.

काचेच्या त्या खोलीची पाच मिनिटांत भट्टी झाली. दार उघडलं आणि सुकदेव आबा घामाने निथळत, हसत बाहेर आले. "गाडीतली हवा संपली," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि जाऊन अंतरपाट धरला.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, पाठवणीची वेळ झाली. हिलालभाऊंनी किल्ली फिरवली. गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. बॉनेटखालून वाफ आली. फुलांचे हार घेऊन पोरं उभी होती. हिलालभाऊ खाली उतरले आणि हार पोरांच्या हातातून घेऊन मारुतीला बांधायला लागले.

आता झुलाल काय बोलतो याची ते वाट पाहत होते.  मारुती कमलला घेऊन अमळनेरकडे गेली. ती वळणाआड गेल्यावर झुलाल परत फिरला आणि लग्नातल्या कोऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर करून हिरव्या गाडीच्या बॉनेटखाली शिरला.

"तुम्ही सांगा, मी धरतो," तो म्हणाला.

दोघांनी मिळून फुटलेली रबरी नळी काढली. तसली नळी धुळ्यातच काय, मुंबईतही मिळणार नव्हती. हिलालभाऊंनी ट्रॅक्टरची नळी आणवली, कापली, वाकवली, तारेने आवळली. संध्याकाळी इंजिन चालू झालं. झुलालच्या सदऱ्याचं पोतेरं झालं होतं.

"ताकद आहे हो गाडीत," तो म्हणाला.

"आहे. पण खोटं बोलते," हिलालभाऊ म्हणाले. बऱ्याच वर्षांनी दोघं एकदम हसले.

गाडी आणखी सात-आठ महिने टिकली. पेट्रोल ती म्हशीने पाणी प्यावं तशी प्यायची. कधी काचा वर जायच्या नाहीत, कधी दार आतून उघडायचं नाही. प्रत्येक मोडलेल्या भागाच्या जागी हिलालभाऊ ट्रॅक्टरचा भाग बसवत गेले. शेवटी पंडित म्हणाला, की आता हिला नांगर तेवढा जोडायचा राहिला. पण तेवढ्या काळात हिलालभाऊ आणि द्रौपदाबाई उनपदेवच्या गरम झऱ्याला जाऊन आले, जामनेरच्या लग्नाला गेले. नवी गुलाबी थंडी पडली तेव्हा उगाचच, काही काम नसताना, चोपड्यापर्यंत गेले.

होळीच्या सुमाराला अमळनेरहून सुकदेव आबा आले. त्यांना गाडी हवी होती.

"आबा, खरं सांगतो, इंजिन तेवढं चालू होतं, गाडी चालत नाही," हिलालभाऊ म्हणाले.

"मला कुठे जायचंय?" आबा म्हणाले. "अंगणात उभी करीन. दुपारी इंजिन चालू करून आत झोपेन."

पेट्रोल किती लागेल ते हिलालभाऊंनी सांगितलं. आबा म्हणाले, उरलेल्या शेतात केळी त्यासाठीच लावली आहे.

ट्रॅक्टरला बांधून गाडी गेली. त्या संध्याकाळी हिलालभाऊ लवकर घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. द्रौपदाबाई शेजारी येऊन बसली.

"मनुदेवीच्या दर्शनाला जायचं राहिलं," ती म्हणाली.

"आता कशाने जायचं?"

"एसटी नही का?"

मग एका रविवारी ते एसटीने निघाले. गर्दी होती. त्यांना अगदी मागच्या बाकावर जागा मिळाली. ती खिडकीशी बसली, ते तिच्या बाजूला. अमळनेर येईपर्यंत तिने त्यांना दोन सोयरिकी आणि एक भांडण सविस्तर सांगितलं. चोपड्याला कंडक्टर म्हणाला, "काका, जरा हळू हसा, पुढे लेकरू झोपलंय."