पर्यायाच्या खणातला रिले

मी एक रिले. जुना आहे, पण आजपर्यंत न वापरलेला. मित्रांनो, माझं सगळं दुखणं या एवढ्यात आलं.

रिले म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. निळी प्लॅस्टिकची डबी, आगपेटीच्या निम्मीही नाही. आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि त्याच्या तोंडाशी धातूची एक जीभ. वेटोळ्यात थोडी वीज आली की ते लोहचुंबकासारखं वागतं, जीभ ओढली जाते, 'टक्' असा आवाज होतो आणि पलीकडच्या मोठ्या विजेला वाट मिळते. वीज गेली की जीभ मागं येते. एवढंच आमचं काम. पण ते करायला मिळालं नाही तर आमच्यासारखं तळमळणारं दुसरं कुणी नसेल.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझी एकदा परीक्षा घेतली, तेव्हा मी पहिलं टक् केलं. बाळाचं पहिलं रडणं ऐकून घरचे हसतात. माझं ऐकून यंत्रानं मला पुढं ढकललं. मग खोका, गोदाम, पुन्हा खोका, आणि एक दिवस मी सांगलीत राजमती आणि धरणेंद्र यांच्या वर्कशॉपमध्ये आलो.

हे नवराबायको दूध थंड करायच्या यंत्रांचे, हळद पॉलिश करायच्या ड्रमचे, फाटकावरच्या दिव्यांचे विजेचे बोर्ड बनवतात आणि दुरुस्तही करतात. मला दिव्यांच्या बोर्डासाठी मागवलं होतं. पण मी पोचलो उशिरा. धरणेंद्रांनी माझी वाट बघून बघून माझ्यापेक्षा दांडगा रिले तिथं बसवला होता. "चालतंय की," ते म्हणाले होते. सांगलीत निम्मं जग याच दोन शब्दांवर चालतं. दांडगा आणि मी दिसायला जुळे. पाय सारखे, वेटोळं सारखं, रंगही तोच. फरक फक्त जिभेच्या ताकदीत. तो दूध थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरचा भार पेलतो, मी दिव्याचा.

माझे भाऊबंद कुठं कुठं कामाला लागले. मी 'पर्याय' असं लिहिलेल्या खणात राहिलो. खण उघडला की वाटायचं, आता आपण. हात यायचा, शेजारच्याला उचलायचा, खण बंद. पुन्हा उघडायचा. पुन्हा मी जिभेला सावरून बसायचो. पुन्हा बंद.

अशात धरणेंद्रांची भाची प्रीती मदतीला आली. तिनं प्रत्येक खण उपसला, आम्हा सगळ्यांना क्रमांक दिले आणि कॉम्प्युटरवर दोन सॉफ्टवेअर आणली. दोन्ही चाचणीपुरती; त्यातलं एक ठेवायचं. कुठला भाग किती शिल्लक, कुठला बाजारातून बंद झाला, त्याच्या जागी कोण चालेल, हे सगळं त्यातून कळणार होतं.

पहिलं सॉफ्टवेअर चटपटीत. आकडे जुळले की हिरवी खूण. दुसरं महाचिकट. कशाच्या जागी? कोणत्या बोर्डात? उलट चालेल का?

"हे सॉफ्टवेअर हाय का सोयरीक जुळवणारं?" धरणेंद्र वैतागले. "आता आजोळ कुठलं म्हणून इचारंल!"

"मामा, दोन्हीत सगळे जुने बोर्ड भरून झालेत माझे. आता तुम्ही ठरवा," प्रीती म्हणाली.

ठरायच्या आतच दारात मोटारसायकल थांबली. पाटणहून वीरधवल आला होता. फौजेतला गडी, सुट्टीवर. त्याची आत्या बनुबाई गावाकडचं दूध संकलन केंद्र चालवते. तिच्या यंत्राचा जळलेला बोर्ड त्याच्या हातात होता.

"अण्णा, सकाळचं दूध कसंबसं बर्फात ठेवून भागवलंय," तो हेल्मेट काढत म्हणाला. "सांजच्याला बायका पुन्हा दूध घालाय येत्यात. यंत्र चालू न्हाई झालं तर टँकरवाला वास घेऊन माघारी जाईल. आत्यानं सांगितलंय, बोर्ड घेतल्याबिगर तोंड दाखवू नगंस."

राजमतींनी बोर्ड उलटा करून पाहिला. बाकी सगळं ठीक होतं, रिले तेवढा जळाला होता. तो होता दांडगा. आणि दांडग्याचा खण रिकामा होता; बाजारातूनही तो बंद झालेला.

प्रीतीनं पहिल्या सॉफ्टवेअरला विचारलं. क्षणात हिरवी खूण उमटली. पर्याय उपलब्ध!

तो पर्याय मी होतो, मित्रांनो.

"बघ, मी काय म्हणत हुतो? हेच घ्यायचं," धरणेंद्र म्हणाले आणि खण उघडला. या वेळी हात माझ्याकडेच आला. मला कथलाचा डाग देऊन बोर्डात बसवलं. एवढी वर्षं थांबून ठेवलेलं सगळं बळ मी जिभेत आणलं. टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्रेसरची तार जोडली. टक्! कॉम्प्रेसर घरघरला. काय सांगू तुम्हाला, मला ते गाण्यासारखं वाटलं.

मग राजमतींनी बंदचं बटण दाबलं. माझी जीभ मागं येईना. तापून ती जागच्या जागी चिकटली होती. कॉम्प्रेसर घरघरतच राहिला. पाटणला हेच झालं असतं तर दुधाचा बर्फ झाला असता.

धरणेंद्रांनी तार उपसून माझ्या पाठीत पेचकसाची मूठ हाणली, तेव्हा मी सुटलो.

"याला सुट्टी मंजूर झाली तरी ड्यूटी सोडवंना की, अण्णा!" वीरधवल म्हणाला. पण हसता हसता त्यानं घड्याळ पाहिलं.

प्रीती गोरीमोरी झाली. "पण मामी, खूण तर हिरवी आली होती. आपण पूर्वी दोघांना एकमेकांच्या जागी वापरलंय."

"एकमेकांच्या न्हाई गं," राजमती म्हणाल्या. "चातुर्मासात आपण जैन लोक कंदमुळं खात न्हाई, म्हणून बटाट्याच्या जागी कच्चं केळं घालतो. चालतं का न्हाई?"

"चालतं की."

"मग तवा केळ्याच्या जागी बटाटा चालंल आपल्या घरात?"

"आई ताट सरकवून उठंल," धरणेंद्र पुटपुटले.

"तसंच हाय हे. दिव्याच्या बोर्डात मोठा चालला म्हणून दुधाच्या बोर्डात लहान चालत न्हाई. प्रीती, तुझ्या त्या चिकटाला इचार, लहानाच्या जागी मोठा आपण कुठं कुठं बसवलाय?"

दुसऱ्या सॉफ्टवेअरनं आपल्या सवयीप्रमाणं दोनचार प्रश्न केले आणि मग उत्तर दिलं. दिव्यांचे बहुतेक बोर्ड गिऱ्हाइकांकडे गेले होते. पण त्यातला एक यांच्याच वर्कशॉपच्या फाटकावर होता.

"आवं, उठा की! शिडी आणा," राजमती म्हणाल्या.

धरणेंद्रांनी फाटकावरचा बोर्ड उतरवला. त्यातला दांडगा काढून दुधाच्या बोर्डात बसवला. चालू, बंद, चालू, बंद. राजमती बटण दाबतच राहिल्या, कॉम्प्रेसर ऐकत राहिला. वीरधवलनं बोर्ड टॉवेलात गुंडाळून पोटाशी बांधला आणि गाडीला किक मारली.

"सावकाश जा रं!" धरणेंद्र ओरडले.

"सावकाश गेलो तर आत्या गोळी घालंल, अण्णा!"

मी टेबलावर पडून होतो. धरणेंद्र मला कचऱ्याच्या डब्यात टाकणार होते. राजमतींनी मला उचललं, दिव्याच्या तारेला लावून पुन्हा पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला देणार न्हाई मी हा. पण आपल्याच फाटकावर आपल्या डोळ्यांसमोर राहील. बिघडला तर शिव्या आपल्यालाच."

मग मी फाटकावर चढलो. पण चैन कुठलं? गाडी कराडला पोचली असेल का, पाटणच्या वाटेला लागली असेल का, बायका किटल्या घेऊन उभ्या असतील का. आत राजमतीही फोन हातात घेऊन येरझारा घालत होत्या.

दिवस कलला तसा फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजात लावला.

"ताई, गार झालं बगा!" बनुबाईंचा आवाज मला फाटकापर्यंत ऐकू आला. "टँकर भरून गेला. पर ते यंत्र थांबतंय का न्हाई बगत मी लय येळ हात जोडून हुबी हुते!"

"थांबलं ना?"

"थांबलं की! तवा कुठं च्या घेतला."

धरणेंद्रांनी शिडी जागेवर नेऊन ठेवली. मग प्रीतीला म्हणाले, "घ्या बाई, ते तुमचं चौकशीखोरच ठेवा. आणि त्या लहान्याच्या नावापुढं लिही, उलट चालत न्हाई."

मला याचं वाईट वाटलं नाही, मित्रांनो. मला काय पेलतं आणि काय नाही, हे माझ्या नावापुढं पहिल्यांदाच कुणीतरी लिहिलं होतं.

तुम्हीही कधी कुणाला दुसऱ्याच्या जागी बसवाल. तेव्हा त्याची उंची, रंग, गुण जरूर जुळवा. पण त्याच्यावर भार किती पडणार, हेही विचारा. आणि घरात, शाळेत, कपाटात कुणी नुसतंच 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेलं असेल, तर त्याचा खण अधूनमधून उघडून बघा. आत कुणीतरी जिभेला सावरून बसलेलं असतं.

अंधार पडायला आलाय. दिवा लावायची माझी वेळ झाली.

टक्.