पश्चिमेकडचा सातवा खांब

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी तारावाहून आलेल्या जहाजाने प्रवाळाच्या कड्याबाहेर नांगर टाकला आणि सात वाजता पहिल्या होडीतून एक प्रवासी बाई उतरली. नाव तीरोआ, वय एकोणचाळीस, पेशा शिक्षिका, जन्मापासून राहणार राजधानी तारावा. तिला आमच्या बेटावर काही काम नव्हतं. आठ वर्षं हंगामी नोकरी केल्यावर तिला कायमची जागा मिळाली होती, तीही इथून दीड दिवसावर, दक्षिणेच्या एका बेटावर. सोमवारी हजर व्हायचं होतं. जहाजात खोबऱ्याची पोती भरेपर्यंत पाय मोकळे करावेत, एवढाच तिचा विचार. शेवटची होडी दुपारी तीनला आहे हे मी तिला धक्क्यावरच सांगितलं. मी कौन्सिलचा कारकून. उतरणाऱ्याचं नाव लिहून घेणं माझ्याकडे असतं.

साडेदहाला ती परत आली तेव्हा चपला हातात होत्या आणि घागरा गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"दादा, मी उत्तरेच्या टोकापर्यंत जाऊन आले," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "तिथे ओहोटीत पलीकडच्या बेटावर चालत जाता येतं. मधोमध उभी राहिले. एका कानात समुद्र नुसता गरजतोय आणि दुसऱ्या कानात काही नाही. कड्याच्या आतलं पाणी हलतसुद्धा नव्हतं."

"वारा पडला की तसं होतं."

"आणि वाटेत एकतीस माणसांनी विचारलं, कुठे चाललीस म्हणून. मी मोजली."

"विचारतातच."

"तारावात नाही विचारत. तिथे रस्त्यात उभं राहिलं की हॉर्न वाजवतात."

"इथे गाड्या दोन. त्यातली एक बंद."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

तीन घरांत तिला नीरा प्यायला लावली होती, चौथ्या घरात तिने स्वतः मागून घेतली होती. मग तिने शाळेचं विचारलं. मी सांगितलं, शिक्षकाची एक जागा वर्षभर रिकामी आहे, इतक्या लांब यायला कोणी तयार होत नाही. ती खोबऱ्याच्या पोत्यावर बसली. पुन्हा उठली.

"माझी पेटी जहाजावर आहे," ती म्हणाली. मी काहीच विचारलं नव्हतं.

ऊन चढलं तशी ती सावलीसाठी मनेआबात शिरली. गावाची बैठक तिथेच भरते. भलंमोठं छप्पर, खाली खांब, भिंती नाहीत. नऊपासून म्हाताऱ्यांची पाण्याच्या टाकीवर चर्चा चालली होती. पाहुण्यांनी उत्तरेच्या कडेला बसायचं असतं. तीरोआ तिथून सरळ पुढे गेली आणि पश्चिमेकडच्या सातव्या खांबाला पाठ टेकून बसली. बावीस माणसं बोलायची थांबली.

मनेआबात प्रत्येक खांब एकेका घराण्याचा. सातव्या खांबाच्या घराण्यातला शेवटचा माणूस, नाकिबाए, सहा वर्षांपूर्वी वारला. बाकीचे कधीचेच फिजीला गेलेले. त्या घराण्याकडे शेवटचा शब्द असतो. सगळं बोलून झाल्यावर सातव्या खांबाने "झालं" म्हणायचं, मगच ते झालं. त्यामुळे सहा वर्षांत इथे काहीच झालेलं नाही. टाकीसाठी आणलेल्या सिमेंटचे पोत्यांतच दगड झाले.

बैठकीत सगळ्यांत वडील बारानिको. वय एक्याऐंशी.

"पोरी, तू कुणाच्या जागेवर बसलीस?" त्यांनी विचारलं.

"इथून पाणी छान दिसतं, आजोबा."

"दिसतं. नाकिबाएलाही दिसायचं. आम्ही घसा फोडायचो आणि तो पाणी बघायचा."

मग त्यांनी तिला नियम सांगितला. हक्काने बसली असेल तर त्या घराण्याची जमीनही तिची, ती इथली. हक्क नसताना बसली असेल तर डुक्कर देऊन माफी मागायची आणि निघायचं, परत या छपराखाली यायचं नाही. आणि निर्णय होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही.

तीरोआचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. "मला इथे राहायचंय," ती म्हणाली. "सकाळी हे बेट मला ठाऊकसुद्धा नव्हतं."

"आजी कुठली तुझी?"

"आना नाव होतं तिचं. लहानपणीच तारावाला आणली होती. कुठून, ते ती कधी बोलली नाही."

मागच्या रांगेतून कातिमा आजींनी तोंड घातलं. "ते राहू दे. कुठला मासा खात नाहीस, ते सांग."

"पाकट. आजी हात लावू द्यायची नाही. अंगावर पित्त उठतं म्हणायची."

मनेआबात एकदम कालवा झाला. सातव्या खांबाचं घराणं पाकट खात नाही. कोणीतरी मांडीवर थाप मारली, कोणीतरी चहा टाकायला सांगितलं. बारानिकोंनी हात वर केला.

"पाकट न खाणारी घराणी आणखी दोन बेटांवर आहेत," ते म्हणाले. मग छपराकडे बघत हळूच म्हणाले, "आठवून बघ, पोरी. आजीने आपल्या बेटाचं नाव कधीतरी घेतलं असेल. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी येतं असं."

बावीसच्या बावीस माणसं छपराकडे बघायला लागली. एका वाक्याचं काम होतं.

"नाही घेतलं, आजोबा," तीरोआ म्हणाली. "मला राहायचंय म्हणून तिच्या तोंडी खोटं नाही घालणार."

"भली आहे," बारानिको कातिमा आजींना म्हणाले. "फार गैरसोयीची आहे."

"मग आज पुढे ढकला विषय," आजी म्हणाल्या.

"ढकलायला शेवटचा शब्द लागतो."

"मग ती बसलीय की तिथे. म्हणेल ती."

"तिला म्हणता येतं का, हाच तर विषय आहे."

यावर तीन तास गेले. तीनची होडी गेली. साडेतीनला कॅप्टन एतुआती स्वतः आला.

"बाई, पाणी उतरायला लागलं. चला."

"मला उठता येत नाही."

"पाय दुखावला?"

"नाही. माझा निर्णय व्हायचाय."

कॅप्टनने खांब मोजले, टोपी काढली आणि पाहुण्यांच्या कडेला बसला. "किती वेळ लागेल?" त्याने बारानिकोंना विचारलं.

"टाकीला सहा वर्षं लागली."

"पण झाली ना टाकी?"

"नाही."

तीरोआची एक मावशी तारावात आहे, आनाची थोरली मुलगी. मी कौन्सिलचा मोबाइल आणून लावला. शेजारणीने उचलला, मावशी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती, सहापर्यंत येईल. कॅप्टन म्हणाला, पावणेपाचपर्यंत थांबतो, त्यापुढे एक मिनिट नाही.

"मावशीने दुसऱ्या बेटाचं नाव घेतलं तर?" मी तीरोआला विचारलं. "इथे डुक्कर द्यावं लागेल आणि तिथली नोकरीही जाईल."

"माहीत आहे," ती म्हणाली. ती हसत होती. "दादा, भरती आली की पाणी कुठल्या झाडापर्यंत येतं?"

पावणेपाचला कॅप्टनने तिच्यासमोर उभं राहून एकदाच विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. पाचला खलाशांनी तिची पेटी धक्क्यावर आणून ठेवली. पावतीवर सही मी केली. पाच वाजून दहा मिनिटांनी जहाज दक्षिणेला निघालं. पुढचं सात आठवड्यांनी.

सहा वाजून पाच मिनिटांनी मावशी फोनवर आली. आना कुठली हे तिला ठाऊक आहे. पण घराण्याची गोष्ट अशी वाऱ्यावर सांगत नाहीत, ती म्हणाली. आधी कोण कोण ऐकतंय ते नावानिशी सांगा, बापाच्या नावासकट. मी स्पीकर लावला आणि पहिल्या खांबापासून सुरुवात केली. चौथ्या खांबाच्या एका नावाशी तिने मला थांबवलं आणि त्या माणसाला बाहेर जायला सांगितलं. तो जायला तयार नाही.

सव्वासहा वाजले आहेत. मावशीने अजून कुठल्याही बेटाचं नाव घेतलेलं नाही. तीरोआ जागची उठलेली नाही.