तुकाराम मास्तरांची जपानी

तुकाराम तीन वर्षं बोटीवर होता आणि त्यातले अडीच महिने ती बोट दुरुस्तीसाठी कोबे बंदरात पडून होती. एवढ्या भांडवलावर माणूस काय काय होऊ शकतो, हे चौसष्ट साली मालवणच्या किनाऱ्यावरच्या त्याच्या वाडीने पाहिलं. गेला तेव्हा तो 'तुको' होता. परत आला तो मास्तर झाला, कारण आल्या आल्या त्याने छाती फुगवून सांगितलं, की आपण जपानात कराटे शिकलो.

खरं असं, की तो बोटीच्या भटारखान्यात भांडी घासायचा. धक्क्यासमोर कराटेची शाळा होती, तिथले हुकूम खिडकीतून ऐकू यायचे आणि तुकारामाचे कान चांगले होते. बाकी जन्मात त्याने कुणाच्या थोबाडीतसुद्धा मारली नव्हती.

सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की पुळणीवर वर्ग भरायचा. 'रेई' म्हणजे वाकून नमस्कार. 'हाजिमे' म्हणजे सुरू. 'यामे' म्हणजे थांब. इची, नी, सान, शी, गो हे एक ते पाच. पुढचे आकडे भांड्यांच्या खडखडाटात बुडाले होते, म्हणून मास्तरांनी जाहीर केलं की जपानात पाचापर्यंतच मोजतात.

माणसंही अशी, की कुणी चढ्या आवाजात चार शब्द म्हटले की त्यांना ते देवापुढचं गाऱ्हाणंच वाटायचं. मास्तर 'हाजिमे!' म्हणाले की पंधरा रापणकर हात जोडून एका सुरात ओरडत, "व्हय म्हाराजा!" आणि सुरू मात्र काहीच करत नसत. मास्तरांच्या हे पथ्यावरच पडत होतं.

सहा महिन्यांनी गंगाराम कंटाळला. रापणीचा सगळ्यांत पुढचा दोर धरणारा हा धिप्पाड गडी म्हणाला, "मास्तरांनू, शब्द झाले. आता रविवारी देवळासमोर माझ्यावांगडा दोन हात करून दाखवा."

'मास्तर' ऐकायची तुकारामाला चटक लागली होती. नाही म्हटलं तरी पुन्हा तुको, हरला तरी तुको.

रविवारी झाडून सगळी वाडी जमली. देवाला गाऱ्हाणं घालायचा मान असलेले गावकर दाजी पुढे झाले. गाऱ्हाणं घातल्याशिवाय तिथे कोंबडं कापत नाहीत, मग मास्तर कसा कापणार?

"बा देवा रवळनाथा," दाजींनी हात जोडले, "ह्या तुकारामान परमुलखातसून जी विद्या हाडल्यान, ती खरी आसात तर तेका यश दी. खोटी आसात तर आत्ताच्या आत्ता तेच्याच तोंडान भायर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली.

माणसांना थापा मारणं निराळं. गाऱ्हाण्यानंतर रवळनाथाला फसवायची छाती त्या किनाऱ्यावर कुणालाच नव्हती. तुकाराम कसाबसा 'रेई!' म्हणाला. दोघे वाकले, डोक्याला डोकं लागलं.

"मास्तर," खालून गंगाराम कुजबुजला, "हळू मारा हां. घरात दोन पोरां आसत."

एवढा मोठा माणूस आपल्याला भितो, हे ऐकून तुकारामाला भडभडून आलं. "भिया नको," तो म्हणाला, "माका कायेक येना नाय. मी थंय भांडी घाशी होतंय."

गंगाराम वाकलेलाच राहिला. लोकांना वाटलं, केवढा हा आदर!

"म्हणजे सा म्हयने मी भांडी घासणाऱ्याक नमस्कार घालतंय?" तो शेवटी म्हणाला. "ह्या भायर पडला तर बायल माका घरात घेवची नाय. गप रव. मी पडतंय. पण फाल्यापासून माझो दोर तू ओढूचो."

आणि मास्तरांनी बोटही उचललं नसताना गंगाराम धाडकन उताणा पडला. दाजींनी डोळे विस्फारले. "हात लावल्याशिवाय!"

दुसऱ्या सकाळी मास्तर पुढच्या दोराला जुंपलेले आणि गंगाराम होडीला टेकून विडी ओढतोय, हे पाहून वाडीला ती वरच्या इयत्तेची तालीम वाटली. तळहात सोलले. कंबर मोडली. हे जन्मभर चालणार, हे तुकारामाला कळून चुकलं आणि त्याला रडू येऊ लागलं. तेवढ्यात मासळीच्या टोपल्या घेऊन गोदूबाई आली आणि वाटेतल्या पोरांवर खेकसली, "सरा रे! मास्तर दिसनत नाय?"

तुकारामाने डोळे पुसले. तो तळहातांवर थुंकला आणि आणखी जोराने ओढू लागला.